मदत हवी आहे : सपाट टप्प्यावर स्प्रिंटरांचे संघ कमी का पडले?

२०२३ च्या तूर द फ्रान्स या सायकल शर्यतीतील मूतिए ते बूर्ग-आँ-ब्रेस हा १८ वा टप्पा मी पुन्हा पाहिला आणि एक गोष्ट अजूनही उलगडत नाही. त्याआधी चार टप्पे जिंकलेला यास्पर फिलिपसेन जथ्यात (मागच्या मुख्य घोळक्यात) होता, रस्ता स्प्रिंटरांना (शेवटच्या काही मीटरांत सुसाट वेग घेणाऱ्यांना) अनुकूल होता, तरीही पुढे निसटलेल्या चौघांपैकी कास्पर अ‍ॅस्ग्रीन जिंकला आणि फिलिपसेन चौथा आला. पास्कल एन्खोर्न मागून सुटून पुढच्या तिघांना गाठू पाहत होता, तेव्हा खुद्द फिलिपसेनच त्याला अडवायला गेला होता. म्हणजे तिघांचे चौघे झाले तर पाठलाग जड जाईल, हे त्याने ओळखले असावे. (हा प्रकार मला तरी खिलाडूपणाचा वाटला नाही.) शेवटी व्हिक्टर कांपेनार्ट्सने आपला सहकारी एन्खोर्न याच्यासाठी जीव तोडून वेग टिकवला.

माझी शंका अशी, की फिलिपसेनच पुन्हा जिंकणार असे गृहीत धरून इतर स्प्रिंटरांच्या संघांनी पाठलागात आपले सायकलपटू खर्ची घालण्याचे टाळले, की आल्प्समधील कठीण टप्प्यांनंतर त्यांच्याकडे पुढे राहून जथ्याला ओढायला ताकदीची माणसेच उरली नव्हती? शिवाय, अंतर किती असताना पाठलाग सुरू करायचा, हे संघ कशावरून ठरवतात? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.