कावळ्याला भूक लागली तर? (प्राण्यांच्या मैत्रीच्या गोष्टींबद्दल)

अर्धीगोष्ट

लेक साडेचार वर्षांची आहे. रात्रीची गोष्ट माझ्याकडे, कारण आईच्या गोष्टी ‘लवकर संपतात’ अशी तिची तक्रार आहे. सध्या प्राण्यांच्या मैत्रीचा मोसम चालू आहे. कावळा-उंदीर-कासव-हरीण, सिंह आणि उंदीर, मुंगी आणि कबूतर, सगळे येऊन जातात.

अडचण एवढीच की ती गोष्ट ऐकत नाही, उलटतपासणी घेते. हरीण जाळ्यात अडकलंय, कावळा उंदराला पाठीवर घेऊन उडालाय, आणि हिने मला थांबवलं. “वाटेत कावळ्याला भूक लागली तर?” मी म्हटलं, अगं, ते मित्र आहेत ना. “हो, पण भूक लागली तर?” सिंहाच्या गोष्टीवरही तसंच. उंदीर जाळं तोडायला आलाच नसता, तर सिंहाने त्याला सोडलं ते फुकट गेलं असतं का, असं विचारते. मी पाणी प्यायला उठलो.

तर जाणकारांनो, खाणारा आणि खाद्य यांची मैत्री या वयाला सांगावी का? की हत्ती-चिमणी अशा बिनधोक जोड्या शोधाव्यात? आणि ‘तू मला मदत केलीस म्हणून मी तुला’ हा हिशेब ज्यात नाही, अशी एखादी गोष्ट आहे का? तात्पर्य मी सांगत नाही. ते सुरू झालं की ती कूस बदलते.

मनमौजी

इतका काथ्याकूट कशाला? आपण सगळे याच गोष्टी ऐकून मोठे झालो. मूल झोपलं की गोष्ट यशस्वी.

काजवा

अर्धीगोष्ट, लेकीला शाबासकी द्या. तिचा प्रश्न पंचतंत्रातल्या उंदरानेच विचारलेला आहे, आणि चित्रांच्या पुस्तकांतून नेमका तेवढाच भाग गाळलेला असतो.

मी वाचनालयात मुलांना गोष्टी सांगते. पंचतंत्राच्या दुसऱ्या तंत्रातली (म्हणजे भागातली), मित्रसंप्राप्तीतली (मित्र मिळवण्याबद्दलची) ही गोष्ट माझी विशेष लाडकी, म्हणून जरा पाल्हाळ लावते. सुरुवात कबुतरांपासून आहे. पारध्याच्या जाळ्यात सापडलेली कबुतरं जाळ्यासकट उडतात आणि त्यांचा राजा चित्रग्रीव त्यांना आपल्या मित्राकडे, हिरण्यक उंदराकडे नेतो. हिरण्यक आधी राजाचे पाश तोडायला घेतो. चित्रग्रीव म्हणतो, थांब, आधी माझ्या माणसांचे. (माणसांचे म्हणजे कबुतरांचे. मुलं इथे हमखास पकडतात.) माझे तोडता तोडता तुझे दात मोडले तर यांचं काय, असा त्याचा सवाल.

हे सगळं लघुपतनक कावळा मागोमाग येऊन बघत असतो. असा मित्र आपल्यालाही हवा, असं त्याच्या मनात येतं. तो बिळाच्या तोंडाशी जाऊन हाक मारतो. हिरण्यक आतूनच विचारतो, कोण? कावळा? मग चालता हो. तू खाणारा, मी तुझं खाणं. आपली कसली मैत्री?

पुढे बराच वेळ नुसतं बोलणं आहे. कावळा विनवतो, उंदीर बाहेर येत नाही. शेवटी कावळा म्हणतो, मैत्री केली नाहीस तर इथेच तुझ्या दारात उपाशी राहून जीव देईन. भुकेची भीती ज्याची, तोच उपोषणाला बसला! मग हिरण्यक तयार होतो, पण अट घालतो: माझ्या बिळात कधी पाऊल टाकायचं नाही. त्यानंतर रोज थोडं बोलणं, एकमेकांसाठी काहीबाही खायला आणून ठेवणं, असं होत होत एक दिवस उंदीर कावळ्याच्या पंखाखाली येऊन बसतो. पाठीवर बसून उडणं याच्याही नंतरचं.

पुस्तकात पहिल्याच पानावर असतं, ‘एका जंगलात चार मित्र राहत होते.’ मैत्री झाली कशी हेच गायब! मग मूल विचारणार नाही तर काय? बिनधोक जोड्या मुळीच शोधू नका. हत्ती आणि चिमणीला एकमेकांची भीतीच नसेल तर त्यांना काही सोडावंही लागत नाही, आणि सांगायलाही फारसं काही उरत नाही.

हिशेबाचं म्हणाल तर त्याच गोष्टीतलं कासव बघा. हरणाचं जाळं उंदीर तोडतो. तेवढ्यात मंथरक कासव मित्रांच्या काळजीने रांगत रांगत तिथे येऊन पोचतं. त्याला तिथे करण्यासारखं काहीही नाही. उंदीर त्याला रागावतोही, तू कशाला आलास म्हणून. आणि खरंच, पारधी येतो तेव्हा कावळा उडतो, हरीण पळतं, उंदीर बिळात शिरतो, हे बापडं सापडतं. मग पुन्हा सगळी खटपट. हरीण पाण्याकाठी मेल्याचं सोंग घेतं, कावळा त्याच्या डोळ्यापाशी चोच मारल्यासारखं करतो, पारधी कासव खाली टाकून हरणाकडे धावतो आणि उंदीर दोरी कुरतडतो. त्या दिवशी कासवाचा कुणाला काडीचा उपयोग झालेला नाही. उलट घोळच झाला. तरी त्याला सोडवतात, आणि ‘तू आमच्यासाठी काय केलंस’ असं कुणी काढत नाही.

खारफुटी

थोडं खऱ्या प्राण्यांबद्दल. उंदराने मित्राला सोडवणं ही निव्वळ कविकल्पना नाही. २०११ साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग छापून आला. एक उंदीर अरुंद नळीत कोंडलेला, दुसरा बाहेर मोकळा. कुणी न शिकवता मोकळा उंदीर नळीचं दार उघडायला शिकला. शेजारच्या नळीत चॉकलेट बंद करून ठेवलं, तर त्याने दोन्ही दारं उघडली आणि बरेचदा चॉकलेटही दोघांनी खाल्लं. ही दया की नुसती सोबतीची ओढ, यावर अभ्यासकांत वाद आहे. लेकीला वाद सांगायची गरज नाही.

हिशेबी मैत्रीला नाक मुरडू नका मात्र. रक्त पिणारी वटवाघळं लागोपाठ दोन-तीन रात्री उपाशी राहिली तर मरतात. रिकाम्या पोटी परतलेल्या सोबतिणीला दुसरी आपल्या पोटातलं रक्त उलटून भरवते. विल्किन्सन या संशोधकांनी हे १९८४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात मांडलं. भरवणं बहुतेक नात्यातल्या आणि रोजच्या सोबतिणींमध्येच चालतं. झोपताना सांगण्यासारखं नाही, पण दिवसा चालेल.

रात्रीसाठी गोबी मासा घ्या. एक जातीचा झिंगा वाळूत बीळ खणतो, पण त्याला नीट दिसत नाही. गोबी दाराशी पहारा करतो. झिंगा बाहेर आला की आपली मिशी माशाच्या अंगाला लावून ठेवतो. माशाने शेपटी थरथरवली की दोघे आत. घर एकाचं, डोळे दुसऱ्याचे.

आणि २००४ च्या त्सुनामीनंतर केनियात एक पाणघोड्याचं पिल्लू कळपापासून तुटलं. त्याला ज्या उद्यानात नेलं तिथे ते एका म्हाताऱ्या नर कासवाला जाऊन चिकटलं. कासव आधी पळून जायला बघायचं, म्हणजे कासवाच्या वेगाने. पुढे दोघे एकत्र झोपू लागले.

एक विनंती. मगरीचे दात साफ करणारा पक्षी खरी गोष्ट म्हणून सांगू नका. हेरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकारापासून ती चालत आली आहे, पण तिला विश्वासार्ह पुरावा नाही.

पुराव्यानिशी

सर्वांचा हिरमोड करतो. टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१७ चा अभ्यास आहे. चार ते सहा वर्षांच्या मुलांना वस्तू वाटून घेण्याबद्दलची गोष्ट वाचून दाखवली. काहींच्या पुस्तकात माणसं होती, काहींच्या पुस्तकात कपडे घातलेले प्राणी. त्यानंतर आपल्या वाट्याचे स्टिकर दुसऱ्या मुलासाठी ठेवायला सांगितलं. माणसांची गोष्ट ऐकलेल्यांनी आधीपेक्षा जास्त दिले, प्राण्यांची ऐकलेल्यांनी नाही. मदत शिकवायची असेल तर शेजारच्या मुलाची गोष्ट सांगा. उंदीर-कावळे करमणुकीला ठीक.

काजवा

@पुराव्यानिशी, अभ्यास चांगला आहे, पण तो काय मोजतो ते बघा. एकदा वाचलेली गोष्ट आणि लगेच वाटलेले स्टिकर. मुलं एकच गोष्ट महिनोन्‌महिने मागतात, चुकलं तर दुरुस्त करतात, दिवसा त्यातला उंदीर होऊन टेबलाखाली बसतात. ते स्टिकरमध्ये कसं यावं? त्याच अभ्यासात ज्या मुलांना प्राणी माणसांसारखे वाटले, त्यांनी जास्त दिल्याचंही आहे.

शिवाय शेजारच्या मुलाची गोष्ट म्हणजे आपल्यालाच मारलेला टोमणा, हे मूल दुसऱ्या वाक्याला ओळखतं. उंदीर भित्रा असला, कासव वेंधळं असलं, तर त्याला लाजावं लागत नाही. आणि मदत शिकवायला म्हणून मी गोष्ट सांगतच नाही. त्यासाठी ताटं उचलायला लावते.

उंबरठा

मजा आहे! आपण मदतीच्या गोष्टी शोधतोय आणि आपल्या सगळ्यांची पहिली गोष्ट दार न उघडण्याची. कावळ्याचं शेणाचं घर वाहून गेलंय, तो पावसात कुडकुडतोय, आणि चिऊताई आतून म्हणते, थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. थांब, माझ्या बाळाला तीट लावते.

नातू एकदा ओरडला, “अगं उघड ना!” म्हणून पुढच्या वेळी मी चिऊताईला पटकन दार उघडायला लावलं, तर म्हणतो, “अशी नाही, नीट सांग.” ते ताटकळणंच त्याला हवं असतं. दाराबाहेर उभं राहिल्यावर कसं वाटतं, ते या गोष्टीत जितकं कळतं तितकं दहा परोपकारी सिंहांत कळत नाही, असं माझं मत. शेवट मात्र घरोघरी निराळा. माझ्याकडे चिऊताई त्याला चुलीपाशी शेकत बसवते. आमच्या जाऊबाईंच्या गोष्टीत त्याला चटका बसतो आणि मुलं खिदळतात. मला नाही आवडत. आधीच भिजलाय तो.

अर्धीगोष्ट

सगळ्यांचे आभार. काजवाताई, तुमचा हिरण्यक सांगायला घेतला. ती उंदीर झाली आणि पांघरुणात शिरली, मी कावळा. कितीही गयावया केली तरी बाहेर येईना. उपोषणाची धमकी दिली, तर आतून उत्तर आलं, “मग बस उपाशी.” त्यामुळे आमच्याकडे मित्रसंप्राप्ती अजून व्हायची आहे आणि हरीण तिकडे जाळ्यात ताटकळलंय.

खारफुटी, ‘कासवाला पण ते आवडायचं का, की फक्त पाणघोड्याला?’ असा तुमच्यासाठी प्रश्न आहे. उत्तर जपून द्या, उलटतपासणी होईल.

आणखी एक. ब्राह्मण आणि मुंगूस घेऊ का? बाळाला सापापासून वाचवतं, म्हणजे मदतीचीच गोष्ट.

काजवा

मुंगूस इतक्यात नको. साप मेल्याचा आनंद मुलांना घेताच येत नाही. रक्ताने माखलेलं तोंड बघून आई घागर टाकते आणि त्या मुंगसाचा जीव जातो, ते लहानांना सोसत नाही. मी ती आठ-नऊ वर्षांच्या मुलांना सांगते. तेव्हा त्यांच्यात भांडण जुंपतं, काही आईच्या बाजूने, काही मुंगसाच्या, आणि ते ऐकण्यासारखं असतं.

सध्या माकड आणि मगर घ्या. रोज जांभळं खाऊ घालणारा मित्र, आणि त्याचंच काळीज मागायला आलेली मगर. मैत्री मोडते, पण माकड झाडावर सुखरूप पोचतं. तिथे गोष्ट घाईने गुंडाळू नका. मगरीला चार शब्द सुनावायचे असतात आणि ते लेकीला सुनावू द्या. माझ्याकडची मुलं त्यातच गोष्टीपेक्षा जास्त वेळ घेतात.