‘ग्रबल टाका आणि घरात कारखाना काढा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सातपूरचा टर्नर
दोन दिवस प्रत्येक ग्रुपवर एकच पोस्ट फिरतेय. सार असं: ‘सीएनसी मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरवर लाख-दीड लाख घालवू नका. पाच-सातशेच्या आर्डुइनो बोर्डावर ग्रबल, म्हणजे मशीन चालवणारं फुकटचं सॉफ्टवेअर, टाका, नाशिकच्या सिडकोतल्या खोलीत लाकूड कोरायचं सीएनसी राऊटर बसवा, देव्हारे आणि नावाच्या पाट्या विका. जम बसला की अंबड एमआयडीसीचं जॉबवर्क आपोआप येईल.’

आपोआप? ग्रबल १.१ ला मशीनच्या हुकमांतली (जी-कोड) जी-८१, जी-८३ ही ड्रिलिंग सायकल कळत नाहीत. जी-४१/४२ (कटरच्या जाडीची भरपाई) नाही, म्हणजे कटर घासला की ऑफसेट बदलून साइज धरायची सोय नाही. काम देणाऱ्याने फॅनकसाठी (कारखान्यांतला कंट्रोलर) लिहिलेला प्रोग्राम दिला की पहिल्याच भोकाला ‘एरर २०’, म्हणजे हुकूम कळला नाही. स्पिंडलच्या (कटर किंवा जॉब फिरवणाऱ्या दांड्याच्या) फेऱ्यांशी झेड अक्षाची चाल जुळवता येत नाही, म्हणून लेथवर आटे पाडणं विसरा. उरल्या पाट्या, आणि पाट्यांवर किती घरं चालणार? फुकट मिळालं म्हणून कुणाच्याही गळ्यात मारायचं हे बंद करा.

ओपनवाला
साहेब, राऊटरच्या पोस्टवर लेथचं भांडण का उकरताय? कॅममध्ये (डिझाइनवरून मशीनची फाइल काढणारं सॉफ्टवेअर) ग्रबलचा पोस्ट-प्रोसेसर निवडला की जी-८१ फाइलमध्ये येतच नाही, साध्या सरळ चालीच्या जी-० आणि जी-१ च्या ओळी येतात.

वेगाचंही ऐका. १६०५ बॉलस्क्रू (फेरीला ५ मिमी सरकवणारा), फेरीला २०० स्टेपची मोटर, ड्रायव्हर ८ मायक्रोस्टेपवर (एका स्टेपचे ८ तुकडे): १६०० भागिले ५, म्हणजे मिलिमीटरला ३२० स्टेप. ग्रबल सेकंदाला साधारण ३० हजार स्टेप काढतं, म्हणजे मिनिटाला ५६०० मिमी. सागवानात ६ मिमीचा कटर त्याच्या निम्म्यानेही सहसा कुणी चालवत नाही.

आटेच पाडायचे असतील तर लिनक्ससीएनसी घ्या, पीसीवर चालणारं फुकटचं कंट्रोल सॉफ्टवेअर. स्पिंडलला इंडेक्सवाला एन्कोडर (फेऱ्या मोजणारा सेन्सर) लावला की आटे पाडणारं जी-७६ चालतं, जी-३३.१ ने रिजिड टॅपिंगही (भोकात आटे पाडणं) होतं. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेत नव्वदच्या दशकात सुरू झालेला कोड आहे, कुणा पोराचा कॉलेज प्रोजेक्ट नव्हे. आणि क्रॅक केलेलं माक-३ (विकतचं कंट्रोल सॉफ्टवेअर) विंडोज एक्सपीच्या डब्यावर चालवणाऱ्यांनी तरी ‘फुकट’वर बोलू नये. पॅरलल पोर्टवाला (जुन्या प्रिंटरचा सॉकेट) मदरबोर्ड गेला की जुना बाजार धुंडाळत फिरता, ते दिसतं सगळ्यांना.

सातपूरचा टर्नर
लिनक्ससीएनसी घ्या म्हणे! लॅपटॉपवर टाकून बघा. ‘अनएक्स्पेक्टेड रियलटाइम डिले’ (पीसीला वेळ पाळता आली नाही) आला की सपोर्टला फोन कुणाला लावायचा?

ओपनवाला
लॅपटॉपवर टाकायला सांगितलं कुणी? जुना डेस्कटॉप घ्या, बायोसमध्ये सी-स्टेट आणि स्पीडस्टेप ही वीज वाचवणारी सेटिंग बंद करा, आणि पीसी किती उशीर करतो ते मोजणारी लेटन्सी-टेस्ट तासभर चालवा. सोबत मोठी फाइल कॉपी करत ठेवा, नाहीतर आकडा खोटा चांगला दिसतो. पॅरलल पोर्टवर जिटर (वेळेतली चूक) २० मायक्रोसेकंदांच्या आत हवा. मेसाचं इथरनेट कार्ड असेल तर स्टेप कार्डच काढतं, १०० पर्यंतही निभावतं. फोन लावायची गरज पडत नाही.

अर्थिंग आधी
दोघंही चुकीच्या पेटीत डोकं घालून बसलात. घरचं राऊटर बंद पडतं ते वायरिंगमुळे, कोडमुळे क्वचित.

व्हीएफडी (स्पिंडलचा वेग बदलणारा ड्राइव्ह) चालू झाला की चौकटीला न टेकताच ‘अलार्म १’, म्हणजे हद्दीचा लिमिट स्विच लागल्याचा इशारा, येतो. कारण लिमिट स्विचची वायर स्पिंडलच्या केबलला बांधून आणलेली, आणि आर्डुइनोचा आतला पुलअप रेझिस्टर इतका कमजोर की वायर अँटेना होते. स्विच एनसी (एरवी बंद, दाबल्यावर तुटणारा) जोडा, २४ व्होल्टवर चालवा, बोर्डाआधी पीसी-८१७ ऑप्टो (दोन्हीकडची वीज वेगळी ठेवणारा भाग) घाला. स्पिंडलची केबल शिल्डेड, शिल्ड व्हीएफडीच्या अर्थ टर्मिनलला. स्विचच्या केबलचं शिल्ड मात्र एकाच टोकाला.

आता जिवावरचं. बऱ्याच चिनी स्पिंडलच्या कनेक्टरमधली चौथी पिन आतून बॉडीला जोडलेलीच नसते. मल्टिमीटरने बघा, बीप नाही वाजला तर बॉडीला वेगळी अर्थ वायर द्या. व्हीएफडीच्या गळतीने घरचा ३० मिलिअँपचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडतो, म्हणून काही बहाद्दर अर्थच काढून ठेवतात. स्पिंडल पाण्याने थंड होणारा, खोलीत लहान मुलं. वेगळी लाइन ओढा आणि तिच्यावर व्हीएफडीला चालणारा टाइप-बी आरसीसीबी लावा. महाग आहे, माहीत आहे.

मीटर वाचक
वेगळी लाइन ओढाल, पण मीटर कुठला? घरगुती मीटरवर धंदा म्हणजे वीज कायद्याचं कलम १२६, दुप्पट दराने आकारणी. कधीपासून ते ठरवता आलं नाही तर मागचे १२ महिने धरतात.

ओपनवाला
अर्धवट सांगून घाबरवू नका. वीज आयोगाच्या दर आदेशांत राहत्या घराच्या काही भागातल्या उद्योगाला घरगुती दर लागू आहे. अट महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि आधीच्या वर्षात ३६०० पर्यंत.

मीटर वाचक
तीच अट मोजून बघा की भाऊ. १.५ किलोवॉटचा स्पिंडल सरासरी ७०० वॉट, ड्रायव्हर आणि पीसी मिळून २५०. रोज ५ तास, २५ दिवस, ११९ युनिट झाले. घरचे १२० धरा: २३९, बसतंय. आता १ एचपीचा डस्ट कलेक्टर जोडा, ९४ आणखी. ३३३. एमडीएफची (लाकडाच्या भुश्श्याच्या फळीची) धूळ घरच्यांनी गिळली तर दर घरगुती, नाही गिळली तर औद्योगिक!

आवाजाचं अजून काढलंच नाही. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. शेजारच्या काकू मीटर घेऊन येणार नाहीत, थेट तक्रारच करतील.

बिल थकलेला
युनिट मोजत बसा. जॉबवर्कचे पैसे ४५ दिवसांत द्यायचा कायदा आहे, २०२४ पासून आयकरात थकवणाऱ्याची वजावटही लटकते. तरी ९० दिवस उलटले की ‘अकाउंटवाला रजेवर’. घरच्या कारखान्याला तेवढा दम आहे का, ते विचारा आधी.

अर्थिंग आधी
त्याला वेगळा धागा काढा, इथे नको. लाइट गेल्यावरचं राहिलं. पोरं झिरो (कामाचा सुरुवातीचा बिंदू) जी-९२ ने घेतात, बोर्ड रीसेट झाला की ते पुसलं जातं आणि अर्धा कोरलेला सागवानी पल्ला सरपणात. जी-१० एल-२० पी-१ ने घ्या, तो झिरो जी-५४ म्हणून ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) राहतो. वीज आली की होमिंग (मशीन स्विचला टेकवून आपली जागा ओळखतं), कटर वर उचलून आधीच्या चांगल्या ओळीपासून पुन्हा चालू. पण होमिंगचे स्विच हवेतच. पैसे वाचवायला नेमके तेच गाळतात.

सातपूरचा टर्नर
होमिंगचं मान्य. पल्ला वाचवायचा असेल तर तेवढं तरी करा. बाकी टाइप-बी आरसीसीबी, ऑप्टो, शिल्डेड केबल, डस्ट कलेक्टर हे सगळं त्या ‘पाच-सातशे’च्या पोस्टखाली लिहा, मग फिरवा खुशाल.

ओपनवाला
लिहितो. तरी तुमच्या दीड लाखाच्या आत बसतंय.

मीटर वाचक
त्यात सबमीटरही लिहा, मशीनच्या लाइनवर. वीस तारखेला रीडिंग बघायचं, १८० च्या जवळ दिसलं (घरचे १२० वेगळे) तर उरलेले पल्ले पुढच्या बिलात.