काचबिंदूच्या ऑपरेशननंतर प्रेशर वाढलंय, यूबीएम आणि बी-स्कॅन दोन्ही कशाला?

सोलापूरची_लेक:
आईची (वय ६४, अँगल क्लोजरवाला काचबिंदू, म्हणजे पाणी निचरायचा कोपराच बंद होतो तो) मागच्या आठवड्यात ट्रॅबेक्युलेक्टॉमी (डोळ्यातलं पाणी निचरायला नवी वाट करायचं ऑपरेशन) झाली. सुरुवातीला बरं होतं, आता धूसर दिसतंय म्हणते आणि काल डोळ्याचं प्रेशर ३४ आलं. डॉक्टर म्हणाले डोळ्याचा पुढचा कप्पा उथळ झालाय, यूबीएम आणि बी-स्कॅन (डोळ्याच्या दोन प्रकारच्या सोनोग्राफी) करून या. पण समोरच्या भागाचं ओसीटी स्कॅन तिथेच झालं की, मग परत हे दोन कशाला? आणि आजवर सगळे सांगत आले की हिच्या डोळ्यात बाहुली मोठी करणारं औषध चुकूनही घालू नका, आता अ‍ॅट्रोपिनच सुरू केलंय. डोकं चालेनासं झालंय.

चष्मेवाला_नाना:
ऑप्टोमेट्रिस्ट आहे, निदान डॉक्टरच करतील. कप्पा उथळ म्हटलं की पहिला प्रश्न प्रेशर किती. कमी असेल तर बहुतेक पाणी जास्त निचरतंय किंवा ब्लेब (ऑपरेशनच्या जागी पापणीखाली येणारा पाण्याचा फुगवटा) गळतोय. ३४ म्हणजे मामला वेगळा, मागून काहीतरी ढकलतंय. एक तर पाणी पुढे यायचं सोडून मागे डोळ्यातल्या जेलीत साठतंय (अ‍ॅक्वियस मिसडायरेक्शन), नाहीतर पडद्यामागच्या कोरॉइड या थराखाली रक्त साचलंय, पण त्यात बहुधा एकदम जोरात दुखतं. बाहुलीपाशी पाणी अडणं हेही एक कारण, पण ऑपरेशनमध्ये बुबुळाला भोक पाडतात, ते उघडं आहे ना एवढं बघायचं.

ओसीटी प्रकाशावर चालतं, बुबुळाच्या रंगामागे त्याला काही दिसत नाही. यूबीएम म्हणजे सोनोग्राफीच, पण खूप जास्त फ्रिक्वेन्सीची, त्यामुळे सिलिअरी बॉडी (बुबुळामागचा, पाणी तयार करणारा भाग) पुढे वळलीय का, तिच्यामागे पाण्याचा पातळ थर आहे का ते कळतं, जो बी-स्कॅनमध्ये सहज निसटतो. पण यूबीएम जेमतेम ५ मिमी आत बघतं, पार मागचं रक्त बघायला बी-स्कॅनच लागतो.

अ‍ॅट्रोपिनने सिलिअरी स्नायू सैल पडतो, लेन्सला धरणारे धागे ताणले जातात आणि लेन्स मागे सरकते. एरवी तिला ते नको होतं, इथे तेच औषध आहे. उलट बाहुली लहान करणारे पायलोकार्पिनचे जुने थेंब घरात असतील तर मनाने घालू नका, त्याने हे वाढतं.

बाबांचा_ड्रायव्हर:
आमच्या बाबांचं नेमकं उलटं, प्रेशर ४, बी-स्कॅनमध्ये दोन्ही बाजूंनी फुगे आल्यासारखं दिसत होतं, कोरॉइडखाली पाणी. स्टिरॉइडचे थेंब आणि वाट बघणं, बस्स, आपोआप ओसरलं. पण म्हणून तुम्ही थांबू नका हं, ३४ वेगळं.

सोलापूरची_लेक:
धन्यवाद दोघांना! यूबीएमची अपॉइंटमेंट परवाची मिळालीय. त्यात डोळ्याला काही टेकवतात का? टाके ताजे आहेत.

चष्मेवाला_नाना:
सुन्न करायचा थेंब घालून पाण्याचा कप नाहीतर पिशवी लावलेला प्रोब टेकवतात, म्हणून ट्रॅब कधी झाली ते टेक्निशियनला आधीच सांगा, ब्लेबवर दाब नको. पण परवापर्यंत थांबू नका, आजच डॉक्टरांना फोन करून तारीख सांगा, ते स्वतः आधीची मिळवून देतील. अ‍ॅट्रोपिनने भागलं नाही तर लेसर किंवा जेली काढायचं ऑपरेशन करतात. आणि दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं असेल तर आधी विचारा, त्यातही असं व्हायचा धोका असतो.