अनुभव धागा : इंग्रजीच्या वर्गातील पहिल्या तासाचे खेळ

महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. तरीही बारावी झालेला विद्यार्थी चारचौघांत इंग्रजी बोलताना बिचकतो, हे कोल्हापूर परिसरात शिकवणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. ही भीड मोडण्यासाठी आपण कोणते खेळ घेतले किंवा खेळलात, ते लिहावे. केवळ खेळाचे नाव देऊन थांबू नये. विद्यार्थी नेमके कोणते वाक्य बोलले, तेही सांगावे.

प्राथमिक शिक्षिका, पन्हाळा तालुका

नवा खेळ समजावण्यात वेळ घालवण्यापेक्षा मी ‘मामाचं पत्र हरवलं’ हाच खेळ घेते. रुमालाऐवजी घडी घातलेली खरीखुरी चिठ्ठी असते. ज्याच्यावर राज्य येते त्याने चिठ्ठीतील प्रश्न मोठ्याने वाचायचा, उदाहरणार्थ ‘व्हॉट डू यू ईट इन द मॉर्निंग?’, आणि उत्तर मात्र साऱ्या मुलांनी मिळून द्यायचे. ‘बाई, चुकलं तर पोरं हसत्यात,’ असे तिसरीतल्या एका मुलीने मला सांगितले होते. घोळक्यात उत्तर दिले की कोण चुकले हे कोणालाच कळत नाही.

स्पोकन इंग्लिशचे शिक्षक, राजारामपुरी

माझा भर ‘फाइंड समवन हू’ या खेळावर असतो. प्रत्येकाला एक कागद मिळतो आणि कागदावरच्या प्रत्येक ओळीत बसणारा माणूस वर्गात हिंडून, विचारून शोधायचा असतो. छापील पुस्तकांतील ‘ज्याने बर्फात स्कीइंग केले आहे’ असल्या ओळी आपल्याकडे निरुपयोगी आहेत, म्हणून मी माझा कागद स्वतः तयार करतो : गंगावेशीत म्हशीचे धारोष्ण दूध प्यायलेला, पन्हाळा पायी चढलेला, कोल्हापुरात राहून तांबडा रस्सा न खाणारा. (शेवटचा माणूस सापडला की वर्गात त्याची उलटतपासणीच सुरू होते.) ‘हॅव यू एव्हर वॉक्ड टू पन्हाळा?’ हे वाक्य एकच विद्यार्थी निरनिराळ्या माणसांना विचारत जातो, आणि जी रचना फळ्यावर कितीही वेळा लिहिली तरी जिभेवर येत नाही, ती ओळखीच्या ओघात येते. दोन नियम मात्र कटाक्षाने पाळावे लागतात. कागद दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, अन्यथा मंडळी मुकाट्याने सह्या गोळा करतात. आणि एका माणसाचे नाव एकदाच लिहायचे, नाहीतर सारे जण जिवलग मित्राकडूनच कागद भरून घेतात.

गृहिणी, शाहूपुरी

मी शिकणाऱ्यांपैकी आहे. आमच्या वर्गात पहिल्या दिवशी एकेकाने उभे राहून ओळख करून द्यायची होती, तेव्हा माझा क्रम येईपर्यंत आधीच्या कोणाचेही नाव माझ्या कानावर पडले नाही, कारण मी मनात स्वतःचेच वाक्य घोकत होते. दुसऱ्या दिवशी बाईंनी ‘व्हेन इज युवर बर्थडे?’ असे एकमेकांना विचारून वाढदिवसाच्या क्रमाने रांगेत उभे राहायला सांगितले. पन्नाशीच्या पुढचे बहुतेक जण एक जूनपाशी गोळा झाले! शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली ती तारीख होती. मग खरा वाढदिवस कोणता, हे सांगण्यासाठी ‘आफ्टर दिवाळी’, ‘इन हेवी रेन’ अशी मोडकीतोडकी का होईना, पण स्वतःची वाक्ये जो तो बोलू लागला.

महाविद्यालयीन प्राध्यापक, इचलकरंजी

वाणिज्य शाखेचा भरगच्च वर्ग आणि जमिनीला ठोकलेले बाक असतील तर हिंडण्याचे खेळ शक्य नसतात. तेथे ‘दोन खरी, एक खोटे’ चालतो : स्वतःविषयी तीन वाक्ये सांगायची आणि शेजारच्यांनी प्रश्न विचारून खोटे वाक्य पकडायचे. मी स्वतःपासून सुरुवात करतो. घरची परिस्थिती, जात, गुण हे विषय आधीच वर्ज्य ठरवावेत. मात्र खेळ रंगात आला की वाद मराठीत सुरू होतो, आणि मग यातून इंग्रजी किती आले, अशी शंका मला राहते.

वरील शिक्षिका, पन्हाळा तालुका

सरांच्या शंकेविषयी : नियम मी मराठीतच सांगते आणि मुलांच्या मराठी वादालाही हरकत घेत नाही, मात्र खेळाचे ठरलेले वाक्य इंग्रजीत आल्याशिवाय डाव पुढे जात नाही. कानावर पडलेल्या चुका, म्हणजे ‘शी डोन्ट लाइक’, ‘आय अॅम अॅग्री’ यांसारख्या, वहीत टिपून घेते आणि दुसऱ्या दिवशी कोणाचेही नाव न घेता फळ्यावर मांडते. त्या सुधारायला मुले आपणहून पुढे येतात.