मार्टिन्सगान्स (सेंट मार्टिनच्या दिवशीची गान्स, म्हणजे हंस) नाहीतर नाताळची गान्स: तुम्ही कशी भाजता? लिहा

राइनकाठ
बाजारात वाळलेल्या बायफूसची (गान्समध्ये घालायची कडवट वनस्पती) जुडी दिसली, वास घेतला आणि एक जुनं स्वयंपाकघर आठवलं, म्हणून हा धागा. 11 नोव्हेंबरपासून नाताळापर्यंत जर्मनीतल्या आपल्या बऱ्याच घरांत प्रश्न एकच असतो: सासरची मंडळी जेवायला येणार, हे धूड भाजायचं कसं?

सुरुवात मी करते. साडेचार किलोची गान्स सहा जणांना पुरते, आठांना नाही. हाडं आणि चरबीच फार. गोठवलेली असेल तर फ्रीजमध्येच दोन दिवस सुटू द्या. पोटातून मान, पेटा, कलेजीची पिशवी काढा. शेपटाकडे पिवळट चरबीचे दोन मोठे गोळे असतात, तेही ओढून काढा, टाकू नका. मग सुई तिरकी धरून फक्त कातडी टोचायची, मांड्यांच्या आणि पंखांच्या खाली जास्त. सुई मांसात गेली तर चरबीऐवजी रस वाहतो.

पोटात बोस्कोपची आंबट सफरचंदं, कांदा, बायफूस. गच्च भरू नका, आत हवा फिरली पाहिजे.

चुलीवरची
कातडी मऊ राहते ती ओलेपणामुळे. भाजायच्या आदल्या दिवशी उकळतं पाणी वरून ओता (सिंकमध्ये, सांभाळून), कातडी आवळते. पुसून कोरडी करा, किलोला 10 ग्रॅम मीठ आतबाहेर चोळा आणि फ्रीजमध्ये रात्रभर उघडी ठेवा. झाकली की सगळं मुसळ केरात.

फोडणीकर
तापमान कोणी लिहिलंच नाही! ओव्हन 160 अंश, वर-खाली आच, पंखा बंद. साडेचार किलोला साडेतीन ते चार तास. जाळीवर ठेवायची, खाली खोल ट्रेमध्ये दोन बोटं पाणी. पाणी आटलं की गळणारी चरबी जळते, धूर होतो आणि रसही कडू. पहिला तास छाती खाली, मग उलटायची. शेवटची 20 मिनिटं 220 वर, पंखा चालू, आणि दर पाच मिनिटांनी मिठाच्या पाण्याचा ब्रश. मध लावायचाच तर अगदी शेवटी, नाहीतर काळा पडतो.

अर्धाकप
धूर म्हणाल तर आमच्या जिन्यात धुराचा अलार्म वाजला की सगळे समजतात, कोणाकडे तरी गान्स आहे 😄
आम्ही शाकाहारी, आमच्या वाट्याला लाल कोबी. तेवढं तरी नीट करा हो!

मिरेमीठ
@अर्धाकप, हे घ्या: किलोभर कोबी बारीक चिरून, 2 सफरचंदं, 4 लवंगा, 2 तमालपत्रं, 4 चमचे व्हिनेगर, थोडी साखर, पाऊण तास मंद आच. व्हिनेगर सुरुवातीलाच घाला, त्यानेच रंग लाल राहतो. सोड्याची चिमूट पडली तर निळा होतो. बाकीचे गान्सची चरबी घालतात, तुम्ही लोणी घाला. आदल्या दिवशी केलेला जास्त चांगला लागतो.

आता वर ओतायचा रस. मान, पेटा, पंखांची टोकं कांदा-गाजर-सेलरीच्या कंदाबरोबर तपकिरी होईपर्यंत परता, लाल वाइन, पाणी, दोन तास. कलेजी यात नको, कडवट करते. ती वेगळी लोण्यात परतून स्वयंपाक करणाऱ्याने खावी. ट्रेमधला रस उंच भांड्यात ओता, चरबी वर येते, ती काढून खालचा रस यात मिसळा.

बॉटलमसाला
वसईला नाताळात बदक करतात, बदकाची मोईली. त्यालाही चरबी सुटतेच, पण ती रश्श्यात बटाट्यांना लागते. इकडे एवढी चरबी काढून ठेवता, तिचं करता काय?

चुलीवरची
@बॉटलमसाला दादा, तेच तर सोनं! अर्ध्या लिटरच्या वर निघते. गाळून बरणीत, फ्रीजमध्ये कित्येक आठवडे. उकडलेले बटाटे त्यात भाजा, बाहेरून कडक होतात. नुसती ब्रेडला लावायला फार पातळ असते, म्हणून इथे थोडी डुकराची चरबी मिसळून कांदा-सफरचंदाबरोबर कढवतात. सिंकमध्ये मात्र ओतू नका, पाइपात गोठते आणि मग प्लंबर.
मोईलीची कृती टाका ना, वेगळा धागा काढून.

राइनकाठ
कापणी राहिली. ओव्हनमधून काढल्यावर 20 मिनिटं थांबा, फॉइल सैल टाका, गुंडाळू नका. आधी मांड्या सांध्यातून, मग छातीच्या मधल्या हाडालगत सुरी घालून दोन्ही बाजू अख्ख्या सोडवायच्या आणि आडव्या कापायच्या. हाडावरच पातळ काप काढत बसलं की कातडी वेगळी, मांस वेगळं होतं.

उत्तररात्र
थर्मामीटर कुठे खुपसायचा?

फोडणीकर
मांडीच्या सर्वात जाड भागात, हाडाला न लागता. 74 ला खायला सुरक्षित, पण मांडी मऊ व्हायला 85 च्या आसपास लागतं. छाती तेवढ्यात जरा कोरडी होणारच, त्यासाठीच तर रस.

अर्धाकप
आणि बटाट्याचे क्लोसे (उकडायचे गोळे) पाण्यात विरघळतात त्याचं काय?? शनिवारी पाहुणे आहेत!

मिरेमीठ
पाणी खळखळ उकळतंय तुमचं. उकळी आली की आच कमी, मगच सोडा, 20 मिनिटं. आधी एकच गोळा सोडून बघा, फुटला तर पिठात अजून दोन चमचे बटाट्याचा स्टार्च.