सुकियाकीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

योकोहामात राहते. शनिवारी शेजारच्या आजी-आजोबांना जेवायला बोलावलंय, सुकियाकीचा बेत आहे, म्हणजे बीफचे पातळ काप आणि भाज्या गोडसर सोया रसात शिजवायच्या. आजी इथल्याच, आजोबा मूळचे ओसाकाचे, आणि पेच तिथेच आहे. इकडे सोया सॉस, मिरिन (स्वयंपाकात वापरायची गोड तांदळाची दारू), साके (तांदळाची दारू) आणि साखर एकत्र उकळून 'वारिशिता' करून ठेवतात आणि सगळं त्यातच शिजवतात. आजोबांकडे आधी बिडाच्या भांड्यात चरबीचा तुकडा फिरवून बीफचे पातळ काप टाकतात, वर साखर भुरभुरतात, मग सोया सॉस. पहिल्यांदा नुसतं मांसच खायचं, भाज्या नंतर.

कोणती पद्धत धरू? दोघांनाही आपुलकी वाटावी अशी फार इच्छा आहे. शिवाय कच्च्या अंड्यात बुडवून खायचं म्हणजे लहान लेकीची काळजी वाटते. आणि नवरा बीफ खात नाही, त्याचं काय करू?

प्रतिसाद १

ताई, दोन्ही जमेल. सुरुवात आजोबांच्या रीतीने करा. साखर विरघळून कडेने तपकिरी झाली, मांसाचा गुलाबी रंग जेमतेम गेला की लगेच वाढा, जास्त ठेवलं तर चिवट होतं. मग नेगी (जाड पातीचा कांदा), शिताके मशरूम, भाजलेला तोफू, शिराताकी (कोंजाकच्या कंदाच्या पारदर्शक शेवया) आणि हाकुसाई (चिनी कोबी) घालून वारिशिता ओता. शिराताकी आधी उकळत्या पाण्यातून काढा, वास जातो. शुंगिकू (खायच्या शेवंतीची पालेभाजी) अगदी शेवटी, मिनिटभरच. भाज्यांना पाणी सुटतं म्हणून रस सुरुवातीला बेताचाच घाला. आटून खारट झाला तर थोडं पाणी किंवा दाशी (सुकी मासळी किंवा समुद्री शेवाळाचं पातळ सार).

अंड्यांच्या खोक्यावरची तारीख इथे कच्चं खाण्याच्या हिशोबानेच दिलेली असते, त्यामुळे निरोगी मोठ्यांनी त्या तारखेच्या आतली ताजी अंडी खायला हरकत नाही. लेकीला मात्र अंड्याशिवाय वाढा, कुणाला खटकणार नाही.

प्रतिसाद २

नवऱ्यासाठी वेगळं छोटं भांडं आणि वेगळ्या चॉपस्टिक्स ठेवा. त्याच वारिशितात चिकन शिजवलं की 'तोरिसुकी' होते, इथे लोक ती आवडीने खातात. चरबीऐवजी साधं तेल वापरा. कच्चं मांस उचलायच्या चॉपस्टिक्सही खायच्यांपासून वेगळ्या हव्यात.

मूळ लेखिका

खूप आभार! बीफ माणशी किती आणू?

प्रतिसाद १

दीडशे ग्रॅम पुरे. दुकानात 'सुकियाकीसाठी' असं लिहिलेले काप घ्या. चरबीचा तुकडा मांसाच्या काउंटरवर मागा, बरेचदा फुकट देतात. आणि उदोनची (गव्हाच्या जाड नूडल्स) दोन पाकिटं जास्तच आणा. शेवटी उरलेल्या रसात उदोन घालतात, आणि पोट भरलं म्हणणारेही तेव्हा परत वाटी पुढे करतात.