भाड्याच्या घरातले लहान स्वयंपाकघर आणि वाणसामानाची मांडणी: कमी खर्चात काय करता येईल?

अबोली

नमस्कार. आम्ही डोंबिवलीत भाड्याच्या घरात राहतो. आम्ही दोघे, सासूबाई आणि शाळेत जाणारी मुलगी अशी घरात चार माणसे आहेत. स्वयंपाकघर जेमतेम 7 बाय 8 फुटांचे आहे. ओट्याखाली दोन कप्पे, भिंतीतले एक अरुंद फडताळ आणि दारावर माळा, एवढीच साठवणीची जागा आहे. घरमालकांनी भिंतीला भोके पाडायला स्पष्ट मनाई केलेली असल्यामुळे नवीन फळ्या ठोकता येत नाहीत.

महिन्याचा किराणा आम्ही एकदम भरतो आणि उन्हाळ्यात कराडजवळच्या गावाहून वर्षाचे गहू आणि ज्वारी येते. परिणामी निम्मे सामान डब्यांत, निम्मे रबर लावलेल्या पिशव्यांत आणि पोती पलंगाखाली अशी अवस्था आहे. साबुदाणा घरात असताना पुन्हा साबुदाणा आणला जातो, रव्याला जाळी धरते, आणि पोहे तर कुठेच मावत नाहीत. एकसारख्या पारदर्शक बरण्यांची चित्रे पाहून मोह होतो, परंतु तसा एक पूर्ण संच घेतला तर ठरवलेले सगळे 2000 रुपये त्यातच जातील. या रकमेत आधी काय घ्यावे, काय घेऊ नये, आणि पावसाळा तोंडावर असताना धान्य कसे राखावे, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

खडीसाखर

अबोलीताई, पहिला महिना काहीही विकत घेऊ नका, असे मी आग्रहाने सुचवेन. सगळे सामान एकदा जमिनीवर मांडून कोणती वस्तू किती आहे आणि महिन्याला किती लागते, हे वहीत लिहून काढावे. डबा वस्तूच्या वजनावरून निवडला की हमखास चुकतो, कारण प्रत्येक वस्तू निराळी जागा व्यापते. एक किलो तांदूळ किंवा तूरडाळ साधारण सव्वा लिटरच्या डब्यात बसते. तेवढ्याच वजनाच्या कणकेला जवळजवळ दोन लिटर जागा लागते आणि पातळ पोह्यांना त्याहूनही बरीच जास्त. तुमचे पोहे कुठेच मावत नाहीत, त्याचे कारण हेच आहे. पोह्यांसाठी मोठा डबा शोधण्यापेक्षा ते अर्धा किलोच आणावेत; कोपऱ्यावरच्या वाण्याकडे ते बारा महिने मिळतात आणि ताजे मिळतात.

दुसरे म्हणजे वस्तूंची जागा त्यांच्या वापरावरून ठरवावी. रोज लागणारे तांदूळ, डाळ, कणीक, चहा-साखर आणि मिसळणाचा डबा हात न ताणता पोहोचेल अशा उंचीवर असावेत. उपासाचे सामान, म्हणजे साबुदाणा, वरीचे तांदूळ, शिंगाड्याचे पीठ आणि राजगिरा, एकाच डब्यात आपापल्या पिशव्यांसह एकत्र ठेवावे. एकादशीच्या आदल्या दिवशी तो एक डबा उघडला की काय आहे आणि काय आणायचे आहे हे समजते, आणि साबुदाणा दोनदा येण्याचा प्रश्न तिथेच मिटतो. हाच नियम बेसन, मैदा, रवा यांना आणि दिवाळीच्या सामानाला लावता येतो.

शेगडीच्या थेट वरच्या किंवा लगतच्या जागेत काहीही साठवू नये. तिथे उष्णता आणि वाफ दोन्ही पोहोचतात. तिखटाचा रंग उडतो, मसाल्यांचा वास जातो आणि मिठाला पाणी सुटते. काचेच्या बरण्यांत तिखट दिसायला छान दिसते, पण उजेडाने त्याचा लाल रंग फिका पडत जातो. ते स्टीलच्या डब्यात दाबून भरावे आणि त्यात हिंगाचे दोन-चार खडे घालावेत.

डबे घ्यायचेच झाले तर चौकोनी घ्यावेत. गोल डबा जितकी चौकोनी जागा अडवतो त्यातली सुमारे 21 टक्के वायाच जाते, आणि अरुंद फडताळात ती फार जाणवते. तुमच्याकडे आधीपासून असलेले स्टीलचे गोल डबे मात्र यासाठी टाकून देऊ नका. ते ओट्याखाली ठेवावेत आणि फडताळापुरते चौकोनी घ्यावेत. घरात आलेल्या जॅमच्या, मधाच्या, लोणच्याच्या काचेच्या बाटल्या मोहरी, जिरे, मेथ्या, खसखस यांना उत्तम चालतात. झाकणाला लोणच्याचा वास राहिला असेल तर ते साबणाने धुऊन दोन-तीन दिवस उन्हात उलटे ठेवावे. रंगाचे रिकामे डबे आणि औषधांच्या बाटल्या मात्र कितीही स्वच्छ धुतल्या तरी खाण्याच्या वस्तूंसाठी वापरू नयेत.

जुना_ठाणेकर

खडीसाखर यांचे बहुतेक म्हणणे पटले, तरी ‘थोडे थोडे आणावे’ हा सल्ला सरसकट लागू करू नये असे वाटते. पोहे-रव्याच्या बाबतीत तो योग्यच आहे. परंतु ज्यांच्याकडे गावाहून घरचे धान्य येते त्यांनी वर्षाची बेगमी सोडून शहरात दर महिन्याला गहू विकत घेणे म्हणजे पैशांचेही नुकसान आणि चवीचेही. अबोली यांनी वर्षाचे धान्य ठेवावे, पण पोत्यात ठेवू नये.

यासाठी सर्वांत स्वस्त साधन म्हणजे गोड्या तेलाचा 15 किलोचा पत्र्याचा डबा. मिठाईवाले, वडापाववाले आणि खानावळी यांच्याकडे असे डबे रिकामे होत असतात आणि ते अगदी कमी किमतीत विकले जातात. घेताना आतून गंज नाही आणि तळाचा सांधा गळत नाही, हे पाहून घ्यावे. पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराकडून वरचा भाग कापून घट्ट बसणारे झाकण करून घेता येते. धुण्याचा सोडा आणि कढत पाणी घालून तेलाचा अंश पूर्ण काढावा, नंतर डबा चांगला उन्हात तापवावा. अशा एका डब्यात सुमारे 12 किलो गहू राहतात. डबे चौकोनी असल्यामुळे एकमेकांना चिकटून उभे राहतात आणि पलंगाखालच्या जागेत ओळीने बसतात. फक्त ते थेट फरशीवर ठेवू नयेत. खाली लाकडी फळी किंवा दोन पट्ट्या असाव्यात, नाहीतर पावसाळ्यात तळाला गंज चढतो.

भोके पाडण्याच्या मनाईवर उपाय म्हणजे लोखंडी अँगलचे सुटे रॅक, जे स्वतःच्या पायांवर उभे राहते. नवीन घेण्याची गरज नाही. दुकाने किंवा कार्यालये बंद होताना असे रॅक जुन्या सामानाच्या विक्रेत्यांकडे येतात. फळ्यांची उंची नट-बोल्टने हवी तशी बदलता येत असल्यामुळे एका फळीवर उंच डबे आणि दुसरीवर बुटके डबे अशी जागा नेमकी वापरता येते. घर बदलताना ते उलगडून नेता येते, ही भाडेकरूच्या दृष्टीने मोठीच सोय आहे. जड वस्तू सर्वांत खालच्या फळीवर ठेवाव्यात, आणि घरात लहान मूल असल्यामुळे रॅक डगमगत नाही ना, याची खात्री करून घ्यावी.

स्टीलचे डबे हवे असतील तर जुने कपडे जमवून ठेवा. बोहारणी अजूनही येतात, आणि नेट लावून घासाघीस केली तर दोन-चार बरे डबे पदरात पडतात. आमच्या घरातले निम्मे डबे असेच आलेले आहेत. त्या घासाघिशीत आमच्या सौभाग्यवतींचा हात कोणी धरू शकत नाही. पुण्याला जाणे झालेच तर रविवार पेठेतल्या बोहरी आळीतही एक फेरी मारावी.

धान्यकोठी

मी नोकरीच्या निमित्ताने धान्याच्या गोदामांत बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून किडीपुरतेच लिहितो. डबा कितीही महाग आणि घट्ट झाकणाचा असला तरी कीड बाहेरूनच येते असे नाही. तांदळातला आणि गव्हातला सोंडा दाण्याला भोक पाडून आत अंडे घालतो आणि ते भोक बुजवून टाकतो. अळी दाण्याच्या आतच वाढते. म्हणजे दुकानातून आणलेले स्वच्छ दिसणारे तांदूळ घरी आल्यावर काही आठवड्यांनी अचानक चालू लागतात, त्यात तुमच्या डब्याचा दोष नसतो. कडधान्यांचा भुंगा अंडी दाण्याच्या पृष्ठभागावर चिकटवतो. मूग, मटकी, चवळी घेताना दाण्यांवर बारीक पांढरे ठिपके दिसले तर तो माल घेऊ नये. हा भुंगा अख्ख्या दाण्यात वाढतो, भरडलेल्या डाळीत त्याचे फारसे फावत नाही. म्हणून डाळी जास्त आणि अख्खी कडधान्ये कमी, असे प्रमाण ठेवले तर निम्मी चिंता कमी होते.

घरगुती प्रमाणावर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे फ्रीझर. रवा, बेसन, मैदा, कडधान्ये यांची नवी पिशवी आणल्यावर ती बंद स्थितीतच चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवावी. बाहेर काढल्यावर ती पूर्णपणे खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, अन्यथा हवेतली वाफ थंड पिठावर जमून ते ओले होते. त्यानंतर डब्यात भरावे. ज्यांच्याकडे फ्रीझरमध्ये जागा नाही त्यांनी रवा मंद आचेवर कोरडा भाजून, पूर्ण निवल्यावर भरावा. आपल्याकडे ही पद्धत जुनी आहे आणि ती योग्य आहे.

गहू-ज्वारीला ऊन हाच उपाय. गच्चीवर पातळ थर पसरून दोन-तीन कडक उन्हे द्यावीत. दाणा दाताखाली कट्‌कन तुटला तर तो वाळला, दबला तर अजून ओल आहे. ऊन दिल्यावर धान्य तापलेले असतानाच डब्यात भरण्याची घाई पुष्कळ जण करतात. तसे केले की आतली वाफ झाकणाला आणि पत्र्याला लागून निवते आणि वरच्या थराला बुरशी येते. रात्रभर घरात पसरून निवू द्यावे आणि सकाळी भरावे. डबा काठोकाठ भरावा, कारण आत जितकी हवा कमी तितकी किडीची वाढ कमी. वापरासाठी एकच डबा उघडावा, बाकीचे पावसाळा संपेपर्यंत उघडूही नयेत.

तुमच्या दोन वेळा खरेदीच्या आणि जाळीच्या तक्रारीमागे आणखी एक सवय असू शकते. डब्यात मूठभर जुना रवा असतो आणि त्यावरच नवा ओतला जातो. जुन्या रव्यातली अळी नव्या रव्यावर पोसली जाते. डबा पूर्ण रिकामा करून, कोपरे कोरड्या ब्रशने झाडून, पुसून, वाळवूनच नवीन माल भरावा. पाकिटावरची तारखेची पट्टी कापून डब्यात टाकावी किंवा झाकणावर कागदी चिकटपट्टी लावून आणल्याची तारीख लिहावी.

पीठ मात्र साठवू नये. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याला विरी जाते आणि भाकरी थापताना तुटते. बाजरीचे पीठ तर त्याहून लवकर कडवट होते. धान्य वर्षाचे ठेवा आणि दळण आठवड्याचे आणा.

अबोली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. खडीसाखर यांच्या सांगण्याप्रमाणे यादी करायला बसले, तेव्हा दोन शंका आल्या. सासूबाई तांदळात पाऱ्याच्या गोळ्या आणि कडधान्यात बोरिक पावडर घालतात. मी विरोध केला तर त्यांना वाईट वाटेल, पण हे सुरक्षित आहे का? आणि शेंगदाणे, सुके खोबरे, तेलाचे जादा डबे माळ्यावर ठेवावेत असा माझा विचार आहे, तो योग्य ठरेल का?

धान्यकोठी

पाऱ्याच्या गोळ्या कृपया आजच काढून टाका. पारा नेहमीच्या तापमानालाही हळूहळू हवेत मिसळतो आणि तो शरीराला घातक आहे. घरात लहान मुलगी असताना तर हा धोका मुळीच घेऊ नये. काढलेल्या गोळ्या फोडू नका आणि उघड्या कचऱ्यात टाकू नका. घट्ट झाकणाच्या बाटलीत बंद करून घातक कचरा म्हणून वेगळ्या द्या. बोरिक पावडर ही खाण्याच्या वस्तूत मिसळण्याची गोष्ट नव्हे. झुरळांसाठी कणकेत मिसळून कपाटामागच्या कोपऱ्यात तिच्या गोळ्या ठेवाव्यात, आणि त्याही मुलीच्या हाताला लागणार नाहीत अशा. बाजारात गोदामांसाठीच्या धूर देणाऱ्या गोळ्याही काही लोक घरी आणतात. त्यांतून निघणारा वायू प्राणघातक असतो, त्यांना घरात थारा देऊ नये.

सासूबाईंना वाईट वाटू नये यासाठी त्यांच्याच काळचे एरंडेल पुढे करता येईल. तूरडाळ, मूग, मटकी यांना किलोला छोटा चमचाभर एरंडेल हाताने चोळून लावले की दाण्यावर पातळ थर बसतो आणि भुंग्याला अंडी घालणे अवघड होते. शिजवण्यापूर्वी ते धुऊन जाते. कडुनिंबाचा पाला घालायचा असेल तर सावलीत पूर्ण वाळवलेला घालावा. ओला पाला घातल्यास धान्याला ओल सुटते आणि उलटाच परिणाम होतो.

खडीसाखर

माळ्याविषयी मी सांगते. तुमचे घर वरच्या मजल्यावर असेल तर माळा उन्हाळ्यात भट्टीसारखा तापतो, आणि शेंगदाणे, खोबरे, तीळ, तेल या सर्वांतला स्निग्धांश उष्णतेने खवट होतो. या वस्तू खालच्या थंड, अंधाऱ्या कप्प्यात ठेवाव्यात, आणि शेंगदाण्याचे कूट व किसलेले खोबरे फ्रीजमध्ये ठेवावे. माळ्यावर दिवाळीचे सोरे, मोठी पातेली, जादा रिकामे डबे आणि पाहुण्यांची ताटे जावीत. त्यामुळे ओट्याखालचा एक कप्पा जवळजवळ पूर्ण मोकळा होईल असा माझा अंदाज आहे. तो मोजून घ्या आणि मगच जुना_ठाणेकर यांनी सांगितलेले रॅक लागते की नाही ते ठरवा.